माझी स्टिक व इतर स्थावर-जंगम

मी, श्रीमती सुशीला नीळकंठ खोलकुटे, वय चौसष्ट वर्षे, निवृत्त उच्च श्रेणी लिपिक, राहणार शंकर नगर, रायपूर, छत्तीसगड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि कोणी पाठीमागे उभं नसताना लिहीत आहे. रक्तदाब आहे, पण गोळीने ताब्यात आहे. स्मरणशक्ती चांगली आहे. काही जणांच्या मते गरजेपेक्षा जास्तच. माझ्यावर कोणाचा दाब नाही, दडपण नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण याआधी देण्यासारखं काही नव्हतं.

हा मजकूर मी स्वतः टंकलेखन यंत्रावर तयार केला आहे. यंत्र हिंदीचं असून माझ्या यंत्रावर 'ळ' हे अक्षर नाही. म्हणून जिथे जिथे 'ळ' येतो तिथे तो निळ्या पेनाने लिहिला आहे. ती खाडाखोड समजू नये. माझ्या यजमानांच्या नावातही 'ळ' आहे, आणि चाळीस वर्षं मी तो असाच हाताने भरत आले.

कलम १. शंकर नगर येथील दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचं अंगण असं माझ्या नावावरचं घर माझी एकुलती एक मुलगी सौ. राधिका निरंजन बोबडे हिला मिळावं. तिने ते विकावं, भाड्याने द्यावं की राहायला यावं, यावर मला काही म्हणायचं नाही. अंगणातल्या सीताफळाला मात्र फळ येत नाही म्हणून तोडू नये. मलाही पन्नाशीपर्यंत काही येत नव्हतं.

कलम २. पोस्टातली ठेव, बँकेतली शिल्लक आणि दोन सोन्याच्या बांगड्या राधिकेलाच. कागद गोदरेजच्या कपाटात वरच्या खणात, साड्यांच्या खाली नव्हे, वर आहेत. चोर नेहमी खाली शोधतो असं मला वाटतं.

कलम ३. टंकलेखन यंत्र माझे जावई श्री. निरंजन यांना द्यावं. त्यांचं अक्षर त्यांनाही वाचता येत नाही. दिवाळीला त्यांनी पाठवलेलं पत्र मी अजून पूर्ण वाचलेलं नाही. त्यात काही महत्त्वाचं असल्यास क्षमा असावी.

कलम ४. माझी स्टिक.

हे कलम लांबेल. वाचणाऱ्याने चहा घेऊन बसावं.

नोव्हेंबर २००० मध्ये मध्य प्रदेशातून छत्तीसगड राज्य वेगळं झालं आणि भोपाळच्या मंत्रालयातल्या टेबलखुर्च्यांसारखी आम्हा कर्मचाऱ्यांचीही वाटणी झाली. माझं नाव रायपूरच्या यादीत आलं. यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती. राधिका कॉलेजात होती. आम्ही दोघी शंकर नगरात एका इमारतीच्या तळमजल्यावर भाड्याने राहायला आलो. रायपूर तेव्हा राजधानी झालं होतं, पण ते त्याला स्वतःला अजून माहीत नव्हतं. फायली ठेवायला कपाटं नव्हती आणि साहेबांच्या खोल्यांना पाट्या नव्हत्या.

दोन वर्षांनी आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, भैय्यालाल साहू यांनी पूल, म्हणजे बिलियर्डसारखा टेबलावरचा खेळ, खेळण्याचा हॉल उघडला. दोन टेबलं. रोज संध्याकाळी माझ्या छतावर धप्पकन काहीतरी पडायचं आणि गडगडत जायचं. आठ दिवस मी सहन केलं. नवव्या दिवशी ऑफिसातून आल्या आल्या, पर्स खांद्यावर तशीच ठेवून, तक्रार करायला वर गेले.

भैय्यालाल पोटाने मोठा आणि आवाजाने मऊ माणूस. माझं सगळं भाषण त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हव दीदी, गलती हमारी है। पर एक बार देख तो लो, आवाज कहाँ से आती है।"

मी पाहिलं. हिरवं कापड, त्यावर रंगीत गोळे, आणि एक माणूस वाकून, श्वास धरून, एका पांढऱ्या गोळ्याकडे बघतोय. आमच्या ऑफिसात इतकं लक्ष देऊन मी कोणाला काही करताना पाहिलं नव्हतं. मी अर्धा तास उभी राहिले. निघताना भैय्यालालने माझ्या हातात एक स्टिक दिली. मला वाटतं, तक्रार विसरावी म्हणून. मी वाकले, डावा हात टेबलावर ठेवला, मारला. गोळा गेला नाही कुठेच. पण भैय्यालाल म्हणाला, "दीदी, हाथ नइ काँपत हे तुँहर।"

तीस वर्षं टायपिंग केलेला हात तो. काँपून कसं चालेल?

त्यानंतर मी रोज ऑफिस सुटल्यावर, गर्दी व्हायच्या आधी, तासभर वर जाऊ लागले. राधिका पहिले हसली, मग तिने येऊन पाहिलं, मग हसायची थांबली. दीड वर्षात मी भैय्यालालला हरवायला लागले. पण हॉलच्या स्टिका म्हणजे धर्मशाळेतली भांडी. कोणाची टिप उडालेली, कोणाचा बुंधा फुटलेला, आणि एकूण एक वाकडी. माझी स्वतःची स्टिक हवी असं मला वाटू लागलं. फार भारी नको. कारकुनाच्या बायकोला आणि स्वतः कारकून असलेल्या बाईला शोभेल एवढी. तीन हजारांच्या आत.

इथे एक गोष्ट लिहून ठेवते. यजमान जाईपर्यंत माझा संसार सव्वीस वर्षं चालला आणि त्या सव्वीस वर्षांत मी एकही वस्तू स्वतः निवडलेली नव्हती. कुकर यजमानांनी आणला. टीव्ही त्यांनी आणला. साड्या गोलबाजारातून सासूबाई आणायच्या आणि त्यांच्यानंतर नणंद. माझ्या चष्म्याची फ्रेमसुद्धा यजमानांनी स्वतःच्या नाकावर लावून पाहिली होती. ते वाईट नव्हते. त्यांना वाटे, मला त्रास कशाला. मलाही वाटे, त्यांना नाही कशाला म्हणा.

म्हणून स्टिक घ्यायचं ठरलं तेव्हा मी सवयीने माझे धाकटे दीर श्री. दिवाकर खोलकुटे यांना फोन केला. ते चौबे कॉलनीत राहतात, रायपुरात आमच्या आधीपासून आहेत, आणि कुठली वस्तू कुठे स्वस्त मिळते हे त्यांना विचारावं लागत नाही. ते न विचारता सांगतात.

"वहिनी, तुम्हाले काय समजते त्यातलं?" भाऊजी म्हणाले. "मी येतो. दुकानदार बाईमाणसाले लुबाडते."

मार्च २००४ मधला रविवार. पंडरीत कापडाच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत खेळाच्या सामानाचं एक दुकान होतं. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलंच नाही. त्याने भाऊजींना विचारलं, "भाईसाहब, बेटे के लिए चाहिए?"

भाऊजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "हो, हो. पोट्ट्यासाठीच पाहिजे."

मग त्या नसलेल्या पोट्ट्यासाठी त्यांनी स्टिक निवडली. काळी कुळकुळीत, बुंध्यापासून अर्ध्यापर्यंत हिरवा साप वेटोळे घालून चढलेला, डोळे लाल. उचलली तर मनगट खाली गेलं. मी म्हटलं, "भाऊजी, जरा जड वाटते."

"जड म्हणजे मजबूत. पोट्ट्यांना असंच आवडते, वहिनी."

मी मान हलवली. सवय वाईट असते. पैसे मी दिले आणि साप घरी आला.

सोमवारी वर नेली. पहिल्याच फटक्याला मधल्या जोडातून टक् असा आवाज आला. दुसऱ्या फटक्याला पुन्हा टक्. सापावर इतकं जाड चकचकीत पॉलिश होतं की घामाने हात घसरायचा. पांढरा गोळा मी सांगेन तिकडे सोडून सगळीकडे गेला. भैय्यालालने ती स्टिक घेतली, टेबलाच्या सपाट जागेवर आडवी ठेवली आणि बोटाने हळूच लोटली. टोक वर-खाली, वर-खाली करत गेलं.

"साँप तो चलत हे, दीदी," तो फार दुःखाने म्हणाला.

मी खाली आले. राधिका पोळ्या करत होती. तिने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, "आई, बाबा असताना पण तू हेच म्हणायचीस." पोळीकडे बघूनच म्हणाली. मला बरोबर लागलं.

मंगळवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि साप घेऊन एकटी पंडरीला गेले. दुकानदार म्हणाला, "भाईसाहब को भेज देतीं।"

"भाईसाहब नहीं खेलते," मी म्हटलं. "मैं खेलती हूँ।"

आवाज माझाच होता; मला जरा वेळाने ओळखू आला.

त्याने नाइलाजाने साप परत घेतला आणि दुसरा माल काढला. मी दीड तास घेतला. हे सविस्तर लिहिते, कारण पुढे कोणाला उपयोगी पडेल. आधी काउंटरची काच पदराने पुसली आणि त्यावर सात स्टिका एकेक लोटून पाहिल्या. तीन सापासारख्या चालल्या. त्या बाजूला. उरलेल्या चारींचा जोड उघडून पुन्हा घट्ट फिरवला, फटीत नख जातं का पाहिलं, मग मुठीत धरून बुंध्यावर टिचकी मारली. दोन टक् म्हणाल्या. त्या बाजूला. राहिल्या दोन. एकीला सोनेरी कडी होती, शिंपल्याची फुलं होती. पैसे त्या फुलांचे होते, लाकूड बेताचंच. दुसरी पिवळट मेपल लाकडाची, रेषा बुंध्यापासून टोकापर्यंत लांब, सरळ, कुठे गाठ नाही. पकडीला गुळगुळीत पॉलिश नव्हतं, सुताचा दोरा घट्ट गुंडाळलेला होता. घाम पिऊन घेणारा. वजन एकोणीस औंस. मी ती धरून तिथेच, काउंटरसमोर, वाकून उभी राहिले. गल्लीतली दोन माणसं थांबून बघायला लागली. मी सरळ झाले नाही. टोकाची चामड्याची टिप बटणासारखी कडक होती, ती मी त्याच्याकडून बदलून घेतली.

"मैडम, इसमें तो कोई डिज़ाइन ही नहीं है," दुकानदार म्हणाला.

"इसीलिए," मी म्हटलं.

पिशवी आणि टिपेला घासायच्या खडूची डबी धरून तीन हजारांच्या आत बसली. रिक्षात मी ती मांडीवर आडवी धरून बसले. त्या दिवशी मला काय वाटलं ते लिहायला माझ्याकडे शब्द नाहीत. इतकंच सांगते की रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून विचारलं, दीदी, हँस क्यों रही हो.

कलम ५. माझे राग.

भाऊजींना कळलं तेव्हा ते म्हणाले, "मी पसंत केलेली वस्तू परत केली? दुकानदार काय म्हणत असन मले?" आणि बोलणं बंद केलं.

पुढच्या वर्षी राधिकेसाठी गोंदियाचं स्थळ आलं. स्थळ भाऊजींनीच आणलं होतं. अबोल्यातही माणूस कर्तव्याला चुकत नाही. पण त्यांनी मुलाकडच्यांना आधीच सांगून ठेवलं की मुलीची आई संध्याकाळी पुरुषांच्या हॉलमध्ये गोट्या खेळायला जाते. मागाहून म्हणाले, "नंतर समजण्यापेक्षा पहिलेच सांगितलेलं बरं." असेल. पण त्या दिवशी पोह्यांचा ट्रे मी पाहुण्यांच्या समोर ठेवला आणि खाली बघत बसले.

मुलाची आई सुरुवातीलाच म्हणाली, "तुम्ही क्लबात जाता म्हणे?"

मी तोंड उघडलं. जन्मभराची मान हलवण्याची सवय वर आली. "नाही हो, कधीतरी" असं काहीतरी मी म्हणणारच होते. तेवढ्यात राधिका उठली. आत गेली, माझी स्टिक पिशवीसकट घेऊन आली आणि पाहुण्यांच्या समोर टीपॉयवर ठेवली.

"आई रोज खेळते," ती म्हणाली. "ही तिची स्टिक. आणखी काही विचारायचं असेल तर आत्ताच विचारा."

भाऊजींनी चमचा बशीत ठेवला. मला वाटलं, झालं, माझ्या तासाभराच्या हौसेपायी पोरीचं लग्न मोडलं. मी मनात त्याच क्षणी स्टिक विकून टाकली होती.

मुलाचे वडील श्री. यज्ञेश्वर बोबडे, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, पुढे सरकले. त्यांनी पिशवीची चेन उघडली. दोन्ही तुकडे काढले, जोडले, एक डोळा मिटून टोकापर्यंत बघितलं. टीपॉयवरच्या बशा बाजूला सारून लोटून पाहिली.

"सरळ आहे," ते म्हणाले. "आमच्या रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमधी तीस वर्षं खेळलो, पण अशी सरळ मिळाली नाही. कोणी निवडून देली?"

"मीच," मी म्हटलं.

"मग पोरीची नजरही तुमच्यावरच गेली असन," ते म्हणाले, आणि बायकोकडे वळून, "तुम्हाले अजून काही विचारायचं आहे का?"

विहीणबाई म्हणाल्या, "चहा थंड होऊन राहिला." त्या तशा चांगल्या आहेत. भाऊजी पोहे अर्धे टाकून उठून गेले. लग्नाला आले, जेवले, फोटोत उभे राहिले नाहीत.

तो राग मी पुढे चार वर्षं नीट सांभाळला. २००९ मध्ये भाऊजींना पक्षाघाताचा झटका आला, उजवा हात गेला. मी दवाखान्यात गेले, बाहेर बसले, आत गेले नाही. तेव्हा त्यांचा मुलगा शेखर माझ्याजवळ येऊन बसला. शेखरला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतच येतं.

"मोठीआई," तो म्हणाला, "पापा की अलमारी के ऊपर एक स्टिक मिली है। साँप वाली।"

मी परत केली त्याच आठवड्यात भाऊजींनी दुकानात जाऊन ती विकत घेतली होती. दुकानदार त्यांना हसत होता म्हणून. नंतर पाच वर्षं, घरी कोणी नसताना, जेवणाच्या टेबलावर लिंबं मांडून ते एकटेच सराव करायचे, हे त्यांनी आता शेखरला सांगितलं होतं. "मम्मी को लगता था नींबू इतनी जल्दी सूखते क्यों हैं," शेखर म्हणाला.

मी आत गेले. भाऊजींनी तोंड भिंतीकडे केलं. मी म्हटलं, "लिंबू पॉकेटात जात नाही, भाऊजी. ते गोल नसतं."

ते तोंडातल्या तोंडात म्हणाले, "तेच तर मी पाहून राहिलो होतो."

डॉक्टरांनी बोटांना काम द्यायला सांगितलं होतं. भैय्यालालच्या हॉलला अठरा पायऱ्या आहेत. पहिल्या दिवशी आम्हाला त्या चढायला पाऊण तास लागला. आता भाऊजी डाव्या हाताने खेळतात, उजव्याने टेकू देतात, त्याच सापाच्या स्टिकने, आणि गोळा चुकला की टेबलाला उतार आहे म्हणतात. गुण मोजताना ते फसवतात हे मला माहीत आहे आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे.

सबब, श्री. दिवाकर खोलकुटे यांच्यावरचा माझा राग मी या कलमान्वये रद्द करते. माझी खडूची डबी त्यांना द्यावी. नवी स्टिक घ्यायची असल्यास त्यांनी पंडरीला एकट्याने जावं. शेखरने रिक्षात थांबावं.

कलम ६. आता स्टिक कोणाला, ते.

राधिकेला वाटत असेल तिला, किंवा व्याह्यांना. दोघांनीही रागावू नये. राधिकेला खेळात रस नाही, हे तिनेच मला सांगितलं आहे, आणि व्याही माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठे आहेत.

माझी स्टिक शांताबाई साहू यांना मिळावी. त्या भैय्यालालच्या पत्नी. गेली अनेक वर्षं हॉलमध्ये चहा त्या आणतात, कप त्या गोळा करतात, आणि टेबलावर कोण काय मारतंय याकडे त्यांचं लक्ष नाही असं सगळ्यांना वाटतं. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी हॉलमध्ये मी एकटीच होते. त्या कप घ्यायला आल्या, थांबल्या, आणि म्हणाल्या, "दीदी, मैं मारूँ का एक?" मी स्टिक दिली. काळा गोळा कोपऱ्यात होता, मध्ये दोन अडथळे. मी तो मारला नसता. त्यांनी कडेवर आपटवून बरोबर पॉकेटात घातला.

तेवढ्यात दारात येऊन उभा राहिलेला भैय्यालाल म्हणाला, "तुक्का।"

शांताबाईंनी गोळा काढून पुन्हा तिथेच ठेवला आणि पुन्हा घातला. मग त्यांनी कप उचलले आणि खाली गेल्या. भैय्यालाल बराच वेळ त्या कोपऱ्याकडे बघत बसला. आता दुपारी तीन ते चार हॉल बंद असतो, असं बाहेर पाटीवर लिहिलं आहे. तो बंद नसतो. पण त्या तासात शांताबाईंच्या वाट्याला अजून हॉलचीच धर्मशाळेची स्टिक येते, हे मला पटत नाही.

शांताबाईंना एक सांगणं: ही स्टिक मी माझ्या हातासाठी निवडली होती. माझी बोटं बारीक, तुमचा पंजा रुंद. तुम्हाला ती हलकी वाटली तर माझ्या आठवणीखातर ठेवून घेऊ नका. विका, बदला, आणि तुमच्या हाताला बसेल ती घ्या. काच पुसायला विसरू नका. श्री. भैय्यालाल यांना ती वापरायची असल्यास त्यांनी आधी विचारावं.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शेखरने करावी. तो कामाचा पोरगा आहे. हे मृत्युपत्र त्याला मराठीत वाचून दाखवावं. उत्तर त्याने कुठल्याही भाषेत दिलं तरी चालेल.

कलम ८. माझ्या मागे काय करावं, विद्युतदाहिनी की लाकडं, अस्थी महानदीत की आणखी कुठे, तेरा दिवस की तीन, जेवणं घालायची की नाही, याबद्दल मी मुद्दाम काहीच लिहीत नाही. राधिका, तुला पुष्कळ लोक सांगायला येतील. गोंदियाहून येतील, नागपूरहून फोन करतील, भाऊजी तर शेजारीच बसलेले असतील. सगळ्यांना चहा दे, सगळ्यांचं ऐकून घे. मग आत जा, दार लाव, आणि तुला काय बरं वाटतं ते एकटीने ठरव. तू ठरवशील तीच माझी इच्छा, असं मी इथे सहीनिशी लिहून देते. चुकलं तरी चालेल. तुझं असेल ते.

येणेप्रमाणे आठ कलमं मी स्वतः वाचून, समजून, दोन साक्षीदारांच्या समोर सही केली आणि त्यांनी माझ्या समोर केली. दोघांनाही या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. त्याबद्दल त्यांना आज पोहे केले होते.

सही: सुशीला नीळकंठ खोलकुटे

साक्षीदार १: देवीदास गजानन उके, निवृत्त कक्ष अधिकारी, रायपूर

साक्षीदार २: सौ. सरला मारोती मेश्राम, शेजारीण, शंकर नगर, रायपूर

स्थळ: रायपूर
दिनांक: १७ फेब्रुवारी २०१३, रविवार, सकाळी सव्वादहा